समोर बसलेल्यांचं नाशिक

या संग्रहातली मला सगळ्यांत आवडलेली निमंत्रणपत्रिका उलटी करून वाचायची. पुढच्या बाजूला नेहमीचंच आहे: वक्ते, विषय, अध्यक्ष, ‘अगत्य यावे’, आणि तळाला ‘कार्यक्रम वेळेवर सुरू होईल’ ही नाशिकात कुणीही मनावर न घेणारी सूचना. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं दुधाचा हिशेब आहे. तारखा, मापं, मध्येच दोन दिवसांचा खाडा. त्याखाली वेगळ्या शाईत त्या संध्याकाळच्या भाषणातले चार मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यावर काट मारून पुढं लिहिलंय, ‘पटले नाही’.

हा माणूस कोण, ते संपादकांनाही कळलेलं नाही. पत्रिका रद्दीतून आली. पण मला विचाराल तर हे पुस्तक त्याचं आहे. सभा-समारंभांचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण व्यासपीठाकडे तोंड करतो. कोण आलं, काय बोललं, कुणी गायलं, अध्यक्ष कोण होते. समोर सतरंजीवर बसलेल्यांची नोंद ‘श्रोते मोठ्या संख्येने उपस्थित होते’ या एका वाक्यात आटोपते. या संकलनात जमवलेल्या पत्रिका, हस्तपत्रकं, पावत्या, आठवणींची टिपणं वाचताना मी मुद्दाम उलट बाजूला तोंड करून बसले.

प्रस्तावना लिहायला आधी मी नकोच म्हटलं होतं. नाशिकच्या पुस्तकाला प्रस्तावना म्हटलं की १९४२ आठवतं. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून छापला, वर प्रस्तावनाही स्वतःच लिहिली. त्यानंतर इथल्या प्रस्तावनाकारानं पेन जरा जपूनच उचलावं. त्याच साली नाशिकात साहित्य संमेलनही भरलं होतं, अध्यक्ष आचार्य अत्रे. त्या मांडवात समोर कोण कोण बसलं होतं हे मला जाणून घ्यायला आवडलं असतं, पण तेव्हा पत्रिकेच्या मागे लिहिलेलं कुणी जपून ठेवत नसे.

माझं स्वतःचं ऐकणं सुरू झालं ते गंगेवर. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकात गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात म्हणतात. एरवी ‘गंगेवर जाऊन येते’, ‘गंगेवर भाजी स्वस्त आहे’, ‘गंगेला पाणी आलंय’. मे महिना लागला की वडील संध्याकाळी जेवण लवकर उरकून निघायचे, आणि सुट्टी असल्यामुळं मलाही न्यायचे. वसंत व्याख्यानमाला. यशवंतराव महाराज पटांगण. दिवसभर तापलेल्या फरशीची धग सतरंजीतून वर यायची. वडील सोबत आणलेलं वर्तमानपत्र माझ्या खाली घालायचे. समोर वक्ता अर्थव्यवस्थेवर बोलत असायचा. रामकुंडाकडून आरतीची घंटा सुरू झाली की मुरलेला वक्ता थांबायचा, पाणी प्यायचा. नवखा आवाज चढवायचा आणि हरायचा. मला त्यातलं अक्षर कळत नसे. मी मोजायचे ते शेंगदाणेवाल्याच्या फेऱ्या. पण माणूस बोलतोय आणि आपण गप्प बसून ऐकायचं, आवडलं नाही तरी मध्येच उठायचं नाही, ही गोष्ट त्या गरम फरशीवर अंगात भिनली.

ही व्याख्यानमाला आता शंभरी ओलांडून पुढं गेली आहे. पूर्ण मे महिना, रोज एक व्याख्यान, उघड्यावर, कुणालाही मुभा. मे का, याचं उत्तर व्यवहारातलं आहे. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, कोर्टं बंद म्हणून वकील मोकळे, आणि मुख्य म्हणजे नदी उतरलेली असते. जुलै-ऑगस्टात याच पटांगणावर पाणी असतं. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी, कमरेशी पाणी, गळ्याशी पाणी, ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. जिथं मे महिन्यात वक्ता उभा असतो तिथं पावसाळ्यात मारुतीसुद्धा नाक वर धरून उभा असतो. पटांगणाला नाव ज्यांचं, ते यशवंतराव महाराज म्हणजे देव मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याला मामलेदार असताना त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी मोकळा केला. फुकट व्याख्यानांना याहून योग्य यजमान सापडला नसता.

व्याख्यानमालेचं मूळ रोप पुण्याचं, १८७५ सालचं, न्यायमूर्ती रानड्यांनी लावलेलं. पण रानडे जन्मानं निफाडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, आणि पुढं नाशिकात न्यायाधीश म्हणून राहिलेले, तेव्हा पुणेकरांनी फार ऐट करू नये. नाशिकच्या त्याच मुक्कामात इथल्या हायस्कुलातल्या समारंभात रमाबाई रानड्यांनी आपलं पहिलं जाहीर भाषण केलं. भाषण लिहून दिलं होतं रानड्यांनी. आज आपल्याला त्यात थोडं हसू येतं. मला मात्र प्रश्न पडतो तो समोरच्यांचा. बाईमाणूस सभेत उभं राहून बोलतंय हे पाहून किती जणांच्या भुवया चढल्या असतील, किती जण घरी जाऊन गप्प बसले असतील, आणि एखादीनं, चुलीपुढं बसल्या बसल्या, त्यातलं एखादं वाक्य मनात दहा वेळा म्हणून पाहिलं असेल का.

सार्वजनिक वाचनालय त्याच्याही आधीचं, १८४० सालचं. म्हणजे रेल्वे गावात यायच्या आधी पुस्तकं आली. ‘सावाना’ म्हटलं की आमच्या पिढीला पुस्तकांच्या जोडीनं तिथलं नाट्यगृह आठवतं, परशुराम साईखेडकर नाट्यगृह, बोलताना नुसतं ‘पसा’. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या दिवसांत ‘पसा’त बसून पाहावं. पहिल्या अंकाला निम्मं प्रेक्षागृह म्हणजे दुसऱ्या नाटकाची टीम. चहाच्या टपरीवर मध्यंतरात जे परीक्षण चालतं ते निकालाआधीच लागलेलं असतं आणि बहुतेकदा निकालापेक्षा खरं असतं. या हौशी मंडळींत दिवसा कुणी कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी वेळूंज-हरसूलकडच्या शाळेत मास्तर. शिरवाडकरांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, १९५० मध्ये लोकहितवादी मंडळ उभं केलं तेव्हापासून ही जात इथं टिकून आहे. अलीकडे दत्ता पाटील लेखक आणि सचिन शिंदे दिग्दर्शक या जोडीचं ‘हंडाभर चांदण्या’ गाजलं. पाण्याच्या टँकरची वाट पाहणारं गाव हा त्याचा विषय. सिन्नर-नांदगावकडून आलेला प्रेक्षक ते नाटक पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासारखं पाहत नाही. त्याला टँकरचा नुसता आवाज पुरतो.

नाट्यगृहांच्या गोष्टीत विजयानंदला वगळून चालणार नाही. २१ डिसेंबर १९०९. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, निरोपाचा कार्यक्रम म्हणून ‘संगीत शारदा’चा प्रयोग. अनंत कान्हेरे हा कोवळा पोरगा प्रेक्षकांतच बसून होता, आणि त्यानं तिथंच जॅक्सनला गोळ्या घातल्या. या घटनेबद्दल आपण शाळेत शिकलो ते क्रांतिकारकांच्या बाजूनं, आणि ते बरोबरच आहे. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता, मराठी नाटक पाहायला हौसेनं आला होता, हेही खरं आहे. माझ्या डोक्यात मात्र दरवेळी वेगळंच चित्र येतं. नाशिकच्या रंगभूमीवरचा सर्वांत परिणामकारक प्रसंग रंगमंचावर घडलाच नाही. तो खुर्च्यांच्या रांगांत घडला. शारदा आत विंगेत उभी राहिली असेल.

आता जे बोलायचं ते जरा अवघड आहे, आणि या संग्रहात ते पुरेसं आलेलं नाही असं मी संपादकांना तोंडावर सांगितलं आहे. समोर बसायला मिळणं हे या गावात सगळ्यांना आपसूक मिळालेलं नाही. गंगेवरच्या पटांगणापासून काळाराम मंदिर हाकेच्या अंतरावर. २ मार्च १९३० रोजी तिथं बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं काही वर्षं नेटानं चालवला, आणि दार उघडलं नाही. सत्याग्रहाला पाठिंबा देणाऱ्यांत तरुण शिरवाडकर होते, ही गोष्ट आम्ही कौतुकानं सांगतो. दार बंद ठेवणारे कुणाचे आजोबा होते ते सांगत नाही. मग ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी आपली वेगळी सभा भरवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक रात्र रात्र गायचे, आणि ऐकणारे कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत बसायचे. त्या कार्यक्रमांच्या पत्रिका आर्ट पेपरवर छापल्या गेल्या नाहीत, म्हणून त्या कुणाच्या ट्रंकेत सापडत नाहीत. विहितगावात राहून लिहिणाऱ्या बाबूराव बागुलांना २००७ मध्ये जनस्थान पुरस्कार मिळाला तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह त्याआधी चौवेचाळीस वर्षं छापून आलेला होता.

जनस्थान हे नाशिकचं जुनं नाव. कुसुमाग्रज प्रतिष्ठान दर दोन वर्षांनी हा पुरस्कार देतं. पहिला १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांना. पुढं विंदा करंदीकर, नारायण सुर्वे, एलकुंचवार, नेमाडे, आशा बगे, सतीश आळेकर. मधल्या वर्षी गोदावरी गौरव, आणि तो साहित्यिकांपुरता नसतो. गाणारे, नाचणारे, शास्त्रज्ञ, साहसी माणसं यांनाही बोलावतात. नाशिककर श्रोत्याची एक खोड पुरस्काराच्या दिवशी दिसते. तो लेखकाचं भाषण ऐकतो, मग सही घेतो, मग त्याला आपली कविता वाचून दाखवतो.

तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, घर टिळकवाडीत. ते असताना दार बहुधा उघडंच असायचं, कुणीही जायचं, बसायचं, चहा यायचा. आमच्यासारखे लोक काही बोलायला म्हणून जात नसत. दिवाणखान्यात कोपऱ्यात बसायचं आणि ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत ते ऐकायचं. गंगापूर रोडवरच्या स्मारकातल्या विशाखा सभागृहात आज वातानुकूलन आहे, खुर्च्या मऊ आहेत. त्या कोपऱ्यातल्या पाटावरचं ऐकणं तिथं नाही मिळत, हे म्हणणं म्हातारपणाचं लक्षण आहे हे मला ठाऊक आहे. तरी म्हणते.

सभागृहं वाढली ती त्याच बाजूला, गंगापूर रोड, शंकराचार्य संकुल, शरणपूर, इकडं. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, आणि तेव्हापासून गाव किती पसरलं ते पाथर्डी फाट्यावर उभं राहून पाहावं. सातपूर-अंबडचा कामगार दुसऱ्या पाळीतून सुटतो तेव्हा इकडं आभारप्रदर्शन होऊन गेट लागलेलं असतं. सिडकोतून कालिदासला यायचं आणि रात्री परतायचं तर रिक्षावाला म्हणेल तो भाव. २०१८ मध्ये कालिदास कलामंदिराचं रूप पालटलं, आणि पाठोपाठ भाड्याची चर्चा सुरू झाली. हौशी संस्थेनं तिकीट किती लावायचं हा प्रश्न अखेर समोरच्या खुर्चीवरच येऊन बसतो. २०२१ च्या डिसेंबरात ९४ वं साहित्य संमेलन झालं ते आडगावला, शहराच्या पार टोकाला. करोनानं ते आधीच एकदा पुढं ढकललेलं. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळं येऊ शकले नाहीत. मांडव देखणा होता. पण १९४२ सारखं, मेनरोडवरून चालत जाऊन संमेलनात शिरावं आणि कंटाळा आला की घरी जाऊन जेवून परत यावं, ती सोय गेली.

यावर एक उपाय मात्र नाशिकनंच काढला, आणि मला तो फार आवडतो. श्रोता-वाचक येत नसेल तर आपणच त्याच्याकडे जायचं. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही कुसुमाग्रज प्रतिष्ठानची योजना विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी, ती एखाद्या सोसायटीत, कचेरीत, महिला मंडळात ठेवायची, तीस-पस्तीस घरांनी वाचायची, काही महिन्यांनी पेटी बदलायची. पैसा कुठून, तर लोकांनी आपल्या वाढदिवसाला दिलेल्या देणग्यांतून. पेट्या कारागृहात गेल्या, दुबईलाही गेल्या. आमच्या इमारतीत पेटी आली तेव्हा जिन्याखाली, मीटरच्या शेजारी ठेवली होती. वॉचमनकाकांनी पहिल्या महिन्यात नऊ पुस्तकं वाचली. आम्ही बाकीच्यांनी मिळून अकरा.

गाण्याकडे वळते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी दरबारातलं गाणं सामान्य माणसासमोर आणण्यासाठी उभा जन्म वेचला आणि उतारवयात पंचवटीत रामनाम आधार आश्रम केला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ चा, नाशिकातलाच. दिवाळीच्या पाडव्याला नेहरू चौकात पिंपळपारावर पहाटे जी मैफल रंगते तिला तिकीट नाही, दार नाही. वाड्यांच्या गॅलऱ्या म्हणजे बाल्कनी. अभ्यंगस्नान करून, केस ओले, कानात अत्तराचा फाया, थंडीनं काकडत माणसं उभी असतात. एकदा तिथं माझ्या शेजारी एक फुलवाली टोपली खाली ठेवून उभी होती. गायकानं समेवर येताना एक जागा अशी घेतली की आसपासचे सगळे ‘वा’ म्हणाले. ती काही बोलली नाही. तिनं टोपलीतला झेंडू हातात घेतला, कुस्करला, पुन्हा टोपलीत टाकला. धंद्याची वेळ होती. तरी भैरवी होईपर्यंत ती हलली नाही.

आणि मग रहाड. तिला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणायचं का यावर संपादकांत वाद झाला असं ऐकते. मी म्हणेन, तोच अस्सल. नाशिकात धुळवडीला रंग नसतो, रंगपंचमीला असतो. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा जुन्या भागांत पेशवाईपासूनचे जमिनीत बांधलेले दगडी हौद आहेत. वर्षभर त्यांच्यावर लाकडी ओंडके आणि माती, वरून रिक्षा, दुधाच्या गाड्या, गणपतीची मिरवणूक. रंगपंचमीच्या आधी उकरून काढायचे, साफ करायचे, पूजा करायची, पाणी भरून रंग कालवायचा. रंग रहाडीगणिक ठरलेला, अंगाला लागला की दोन-तीन दिवस जात नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशी वर्गात कोण कुठल्या रहाडीतला ते मास्तरांनाही कळायचं. उडी मारायची ती ‘धप्पा’. कठड्यावर उभं राहून पाहणाऱ्यावर आधी रंगाचं पाणी येतं आणि मग त्यालाच आत ओढतात. इथं श्रोता म्हणून बसायची सोयच नाही. व्यासपीठ नाही, मान्यवर नाहीत, सत्कार नाही.

सत्काराचा विषय निघालाच आहे तर मनातलं काढून टाकते. या संग्रहातल्या पत्रिका तारीखवार लावून पाहिल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते. वक्त्याचं नाव दशकागणिक लहान टायपात जातं आणि ‘प्रमुख उपस्थिती’ वाढत जाते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे दोन शब्द. साडेसहाच्या कार्यक्रमात वक्ता आठला उभा राहतो आणि ‘वेळ कमी आहे’ असं म्हणून सुरू करतो. पहिल्या दोन रांगांत ‘राखीव’ची पाटी. त्या रांगा बहुधा रिकाम्या. मागं माणसं उभी.

एक प्रसंग सांगते. आमच्या छोट्या मंडळानं गंगेकाठच्या एका वाड्याच्या चौकात व्याख्यान ठेवलं होतं. पन्नास खुर्च्या आणि माइक भाड्यानं सांगितला. खुर्च्या आल्या, माइकवाला दुसऱ्या लग्नात अडकला. वक्ते सत्तरीचे, आवाज खोल गेलेला. पहिल्या पाच मिनिटांत मागून ‘ऐकू येत नाही’ सुरू झालं. मग कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही, मागच्या एका आजीबाईंनी आपली खुर्ची उचलली आणि सरळ राखीव रांगेच्याही पुढं, वक्त्यांच्या गुडघ्याला लागेल अशी आणून ठेवली. पाठोपाठ सगळ्या खुर्च्या फरशीवर खरखरत सरकल्या. नगरसेवक उशिरा आले तेव्हा त्यांना बसायला जागा होती ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, आणि ते तिथं बसले, तासभर, मोबाइल खिशात ठेवून. व्याख्यान दीड तास चाललं. प्रश्नोत्तरं त्याहून जास्त. कुणीतरी तेव्हाही ‘पटलं नाही’ म्हणालं, तोंडावर.

रात्री खुर्च्या मोजून टेम्पोत चढवल्या तेव्हा एकोणपन्नास भरल्या. पन्नासावी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, खाली घाटाच्या पायरीवर. तिथं वक्ते आणि त्या आजीबाई रात्री एकपर्यंत वाद घालत बसले होते म्हणे. एक खुर्चीत, दुसरं पायरीवर, आळीपाळीनं. मंडपवाल्यानं त्या खुर्चीचं दुसऱ्या दिवसाचं भाडं लावलं. पावती या संग्रहात आहे.